दोन माशांची बाळी

आमच्या दिग्रसला समुद्र नाही. सरळ रेषेत मोजला तरी तो इथून पाचशे किलोमीटरच्या पलीकडे. गावाला धावंडा नदी आहे, उन्हाळ्यात नावापुरती. तालुक्यात अरुणावतीचं धरण आहे, आणि इथल्या बहुतेक पोरांनी पाहिलेलं सर्वांत मोठं पाणी तेच. तरी मागे एका स्नेहसंमेलनाच्या वेशभूषा स्पर्धेत चौथीतला एक पोट्टा समुद्री चाचा होऊन आला. डोळ्यावर काळी पट्टी, डोक्याला लाल रुमाल, कमरेला आजीच्या लुगड्याची पट्टी आणि एका कानात प्लास्टिकची पिवळी रिंग. परीक्षक बाईंनी विचारलं, "चाचे एकाच कानात का रे घालतात?" पोट्टा क्षणभरही अडला नाही. "दुसरी समुद्रात पडली, मॅडम."

मांडव हसला. मीही हसलो. पण माझं लक्ष मांडवाच्या कडेला उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याकडे गेलं. जवळच्या बंजारा तांड्यावरून नातवाचं नाटक पाहायला आला असावा. धोतर, पागोटं, हातात काठी आणि उजव्या कानात सोन्याची बाळी. डाव्या कानाला नुसतं भोक. त्याच्या कानाबद्दल त्याला कोणी काही विचारत नव्हतं.

त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात बसला. चाच्याच्या कानात रिंग आली कुठून?

चाच्यांचा सुवर्णकाळ म्हणून जो सांगतात तो साधारण 1690 ते 1725. गंमत अशी की त्यातला सर्वांत गाजलेला दरोडा आपल्याच दारात पडला. 1695 साली हेन्री एव्हरी नावाच्या इंग्रजाने मक्केच्या यात्रेहून सुरतेला परतणारं औरंगजेबाचं 'गंज-ए-सवाई' हे जहाज लुटलं. लुटीचा बोभाटा इतका झाला की बादशहाने सुरतेच्या वखारीतले इंग्रज व्यापारी कैदेत टाकले. दोन वर्षांनी विल्यम किड कारवारला थांबला, पुढच्या वर्षी त्याने 'क्वेडा मर्चंट' हे जहाज पकडलं आणि 1701 च्या मे महिन्यात लंडनला थेम्सच्या काठी तो फासावर गेला. म्हणजे ज्यांना जग चाचे म्हणून ओळखतं अशी माणसं अरबी समुद्रात वावरली, आपल्या किनाऱ्याचं पाणी प्यायली. त्यांच्या कानात काय होतं?

1724 साली लंडनमध्ये कॅप्टन चार्ल्स जॉन्सन या नावाने चाच्यांच्या चरित्रांचं एक पुस्तक निघालं. चाच्यांबद्दल आज जगाला जे माहीत आहे त्यातलं निम्मं तिथलं. लेखक बारकाव्यांचा लोभी. एडवर्ड टीच, म्हणजे 'काळी दाढी', त्याची दाढी किती लांब, ती फितींनी कशी वेणीसारखी बांधून कानांभोवती वळवलेली, लढाईला निघताना टोपीखाली पेटती वात कशी खोचलेली, सगळं त्यात आहे. बार्थोलोम्यू रॉबर्ट्सचं शेवटच्या लढाईच्या दिवशीचं रूप तर एखाद्या लग्नातल्या नवरदेवासारखं रंगवलं आहे: किरमिजी रेशमी जाकीट, टोपीत लाल पीस, गळ्यात सोन्याची साखळी, तिला हिऱ्यांचा क्रूस. दोघांच्याही वर्णनात कानातल्याचा उल्लेख नाही. हिरे मोजणारा आणि दाढी कानाभोवती गुंडाळून दाखवणारा माणूस कानातली बाळी विसरेल, हे मला पटत नाही. ती नव्हती, किंवा असली तर सांगण्याजोगी नव्हती.

त्याआधीच्या शतकात मात्र ती होती, आणि ती दरबाऱ्यांच्या कानात होती. वॉल्टर रॅलेचं 1588 चं चित्र आहे, त्यात त्याच्या कानात दोन मोती लोंबताहेत. रॅले राणी एलिझाबेथचा लाडका सरदार. स्पेनच्या लेखी मात्र लुटारूच. शेक्सपिअरचं म्हणून जे चित्र सर्वत्र छापलं जातं, त्यातही कानात सोन्याची बाळी आहे. राजा पहिला चार्ल्स 30 जानेवारी 1649 रोजी वधस्तंभावर चढला तो कानात एक मोती घालूनच. पुढे इंग्रज साहेबाच्या डोक्यावर भला मोठा विग आला, कान झाकले गेले आणि ही हौस वरच्या वर्गातून उतरली. ती टिकली बंदरावर. 'ट्रेझर आयलंड' या 1883 च्या कादंबरीत पोरगा जिम ब्रिस्टॉलच्या धक्क्यावर जातो, तेव्हा त्याला कानात बाळ्या घातलेले दिसतात ते म्हातारे खलाशी. साधे, पगारी, डांबराचा वास येणारे खलाशी.

तेव्हा खरा प्रश्न खलाशाच्या कानाचा आहे, आणि त्याची उत्तरं बंदरोबंदरी मुबलक मिळतात. सगळ्यांत लाडकं उत्तर असं: सोन्याची बाळी म्हणजे मयताचा खर्च. परक्या किनाऱ्यावर प्रेत लागलं तर ज्याला सापडेल त्याने बाळी काढून घ्यावी आणि बदल्यात माती द्यावी. ऐकायला हे इतकं सुंदर आहे की तपासावंसं वाटत नाही. मी तपासलं, आमच्या सराफ्यातल्या हिशेबाने. इंग्रजांची सोन्याची गिनी सुमारे साडेआठ ग्रॅमची, किंमत 21 शिलिंग. जुन्या मापाने दोन माशांची बाळी, म्हणजे जवळपास दोन ग्रॅम, धरली तर तिचे पाच शिलिंग होतात. इंग्रजी आरमारातल्या पक्क्या खलाशाचा पगार 1653 पासून 1797 पर्यंत महिन्याला 24 शिलिंगच राहिला. दीडशे वर्षांत एक दमडी वाढली नाही, आणि शेवटी त्यांनी बंड केलं तेव्हा वाढली. म्हणजे बाळी सहा-सात दिवसांच्या मजुरीची. गरिबाच्या मातीला तेवढं पुरलंही असतं. पण समुद्रावर मेलेल्या खलाशाला त्याच्याच झोळीच्या बिछान्यात शिवून, पायाशी तोफेचे गोळे बांधून पाण्यात सोडत. त्याचं सामान डोलकाठीपाशी लिलावात काढत आणि पैसा घरी पाठवत. मयताचा खर्च जहाजच करी. खर्चाची चिंता उरते ती बुडालेल्याची, आणि बुडालेला किनाऱ्याला लागेलच असं कोण सांगणार?

चाच्यांची तर याहून पक्की सोय होती. कॅरिबियन समुद्रातल्या लुटारूंबरोबर राहून आलेल्या एक्सक्वेमेलिनने 1678 साली ॲमस्टरडॅमला पुस्तक छापलं. त्यात त्यांचे करार दिले आहेत. उजवा हात गेला तर आठ-आठ रियालांची 600 चांदीची नाणी, इतर अवयवांना त्या-त्या मानाने. लूट वाटण्याआधी ही रक्कम बाजूला काढायची. ज्या टोळीत हातापायांचा असा विमा होता, तिथला माणूस कानात मयताचा खर्च अडकवून हिंडेल का? मला शंका आहे.

दुसरं उत्तर डोळ्यांचं: कान टोचला की नजर तीक्ष्ण होते, लांबचं शीड आधी दिसतं. तिसरं, जहाज लागत नाही. चौथं, विषुववृत्त ओलांडल्याची किंवा दक्षिण अमेरिकेचं टोक वळसा घालून आल्याची ती खूण. पाचवं, तोफांच्या आवाजात कान वाचवायला मेणाची बोंडं त्या बाळीला टांगून ठेवायचे. यातलं शेवटचं मला तरी मागाहून रचलेलं वाटतं. तोफेवरचे गोलंदाज गळ्यातला रुमाल सोडून कानांवरून आवळत, ते स्वस्त आणि सोपं. खुणेचं कारण खरं असू शकतं, खलाशी गोंदणही त्याच हौसेने करवून घेत. पण डोळ्यांचं कारण ऐकलं की मराठी माणसाला आपल्या घरची आठवण व्हावी. सुश्रुताने कान टोचण्याची दोन कारणं दिली आहेत, रक्षण आणि भूषण. आणि त्यातही रक्षण आधी ठेवलं आहे. सहाव्या-सातव्या महिन्यात पोराचा कान टोचायचा, असं तो सांगतो. आमच्याकडे अजून आजी म्हणतात, कान टोचला की पोराचे रोग टळतात. युरोपातला खलाशी आणि वऱ्हाडातली आजी एकच गोष्ट बोलताहेत.

मराठी मुलखात ही गोष्ट आणखी पुढे गेली, आणि तिला नाव मिळालं भिकबाळी. कानाच्या वरच्या अंगाला घालायची ती. नावामागची रीत अशी सांगतात, की ज्या घरात पोरं जगत नसत तिथल्या आईने नव्या पोरासाठी दारोदार पदर पसरायचा आणि त्या भिकेतून पोराला बाळी करायची. मृत्यूने समजावं, हे भिकाऱ्याचं पोर, उचलून नेण्याच्या लायकीचं नाही. भिकाजी, धोंडू, दगडू ही नावंही त्याच भीतीतून आली. पुढे भिकबाळी श्रीमंत झाली. पेशवाईत तिच्यात बसऱ्याचे मोती आणि माणिक आले. चार मोत्यांचा चौकडा कानात मिरवणं हे शिलेदार-मुत्सद्द्यांचं लेणं झालं. नाव भिकेचं आणि मोती इराणच्या आखातातले. तरी मूळ काम तेच: मरणाला चकवणं. खलाशी रोज मरणाशेजारी झोपतो. त्याने कानात काहीतरी अडकवावं यात नवल नाही.

आता आपल्याच समुद्राकडे येऊ, कारण या गोष्टीतला सर्वांत मोठा 'चाचा' मराठी आहे.

कान्होजी आंग्रे. सरखेल, म्हणजे मराठ्यांच्या आरमाराचा प्रमुख. कुलाबा, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग ही त्याची ठाणी. त्याचा नियम साधा होता: या किनाऱ्यावरून ज्याला व्यापार करायचा त्याने आपलं दस्तक घ्यावं, नाहीतर जहाज पकडलं जाईल. पोर्तुगीज नेमकं हेच दोनशे वर्षं करत आले होते. त्यांच्या परवान्यांना कोणी चाचेगिरी म्हटलं नाही. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने कान्होजीचं दस्तक मानलं नाही, आणि मुंबईच्या कागदपत्रांत तो 'चाचा' झाला. 1712 साली त्याने मुंबईच्या गव्हर्नरची नौका पकडली. तीवर कारवारच्या वखारीचा प्रमुख थॉमस चाऊन बायकोसह निघाला होता. चाऊन लढाईत मेला. त्याच्या बायकोची सुटका 30,000 रुपयांवर झाली. मग इंग्रजांनी चढाया सुरू केल्या. 1717 ला विजयदुर्गावर, 1718 ला खांदेरीवर, 1721 ला पोर्तुगीजांना बरोबर घेऊन कुलाब्यावर. एकही फळली नाही. ज्या नोव्हेंबरात खांदेरीचा हल्ला फसला, त्याच 1718 च्या नोव्हेंबरात तिकडे अमेरिकेच्या किनाऱ्यावर 'काळी दाढी' मारला गेला. एकाच महिन्यात जगाच्या दोन टोकांना इंग्रजी शस्त्रं दोन 'चाच्यां'वर चालली. एक खरा लुटारू होता, दुसरा एका राज्याचा नौदलप्रमुख. कान्होजी 1729 च्या जुलैत वारला, आपल्या बिछान्यावर. त्याच्या मुलाला, तुळाजीला, मात्र 1756 साली विजयदुर्गावर इंग्रजांनी बुडवलं, आणि त्यांच्या मदतीला होते खुद्द पेशवे. मराठ्यांचं आरमार मराठ्यांनीच जाळायला हातभार लावला, ही गोष्ट सांगताना अजून घशात अडकते.

त्या गुराबांवर आणि गलबतांवर कोळी होते, भंडारी होते, कोकणी मुसलमान होते. गलबताचा मुख्य सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल. हा तांडेल शब्द मला दिग्रसमध्ये बसून फार गोड वाटतो. कोशकार प्लॅट्सने त्याचं नातं 'तांडा' या शब्दाशी जोडलं आहे: माणसांची रांग, आणि तिला हाकणारा तो तांडेल. मद्रासकडच्या कोशकारांना हे मान्य नाही. त्यांच्या मते तो मलयाळममधल्या वल्ह्याच्या शब्दातून आला. खरं काय ते त्यांनी पाहावं. मला एवढंच दिसतं की समुद्रावरची माणसं हाकणारा तांडेल आणि जमिनीवरचे बैल हाकणारा तांड्याचा नायक यांची नावं शेजारी शेजारी उभी राहतात.

हा नायक कोण, हे सांगण्याआधी चित्रकाराचा हिशेब उरकतो, कारण पोराच्या कानातली प्लास्टिकची रिंग त्याच्याच हातची.

त्याचं नाव हॉवर्ड पाइल, अमेरिकेतल्या विल्मिंग्टनचा, जन्म 1853. 1880 च्या दशकापासून त्याने मासिकांसाठी चाच्यांच्या गोष्टी लिहिल्या आणि चित्रं काढली. त्याला अडचण होती ती आपण वर पाहिली तीच: चाचे दिसायचे कसे, याचा पुरावा तोकडा. साधे खलाशी रंगवले तर चित्राला रंग चढेना. मग त्याने पोशाख उसना घेतला, स्पेनमधल्या जिप्सींचा. डोक्याला आवळलेला रुमाल, कमरेला रुंद पट्टा आणि कानात सोन्याच्या मोठ्या बाळ्या. पाइल 1911 मध्ये इटलीत वारला. त्याची चाच्यांची चित्रं 1921 साली एकत्र पुस्तकात निघाली, आणि 1926 च्या 'द ब्लॅक पायरेट' या मूकपटापासून आजपर्यंत हॉलिवूडने तोच पोशाख चढवला. तिथून तो खेळण्यांच्या दुकानात आणि तिथून दिग्रसच्या मांडवात.

आता जिप्सी म्हणजे रोमा लोक. त्यांचं मूळ हिंदुस्थानात आहे हे 1782 साली योहान र्‍यूडिगर या जर्मन अभ्यासकाने भाषेवरून दाखवलं, पुढे ते सगळ्यांनी मान्य केलं. सुमारे हजार वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज इथून निघाले. 1425 साली स्पेनमधल्या आरागॉनच्या राजाने त्यांच्या एका म्होरक्याला प्रवासाचा परवाना दिल्याची नोंद आहे. त्यांच्या रोमानी भाषेत पाण्याला पाणी म्हणतात, नाकाला नाक आणि कानाला कान. शब्द आणि त्यातलं भोक, दोन्ही इथूनच गेलं म्हणायला हरकत नाही.

इथे आमच्या भागात एक मोह होतो, तो सावधपणे सांगतो. बंजारा समाजात पुष्कळांना वाटतं की रोमा म्हणजे आपलेच तुटलेले भाऊ. सभांतून हे मोठ्या प्रेमाने बोललं जातं. भाषा मात्र तसं सांगत नाही. बंजाऱ्यांची गोरबोली राजस्थानी बोलींच्या घरातली. रोमानीचं घर वेगळं, आणि ती निघाली त्या काळी ही फांदी फुटलेलीही नव्हती. तेव्हा सख्खे नव्हेत. पण फिरत्या माणसांची रीत सारखी असते, तिला रक्ताचं नातं लागत नाही. जर्मनीत सुतारकाम शिकून गावोगाव काम करत फिरणारे कारागीर कानात सोन्याची बाळी घालतात, आणि तिथेही हीच कथा आहे: वाटेत मेलो तर मातीला. ते ना खलाशी, ना जिप्सी. घर सोडून लांब गेलेली माणसं, एवढंच.

ज्याचा तो नायक, तो आमच्या बंजाऱ्यांचा तांडा तसाच. इंग्रज प्रवासी पीटर मंडी याला 1632 साली उत्तरेत एक तांडा भेटला, त्यात 14,000 बैल होते, सगळे धान्याने लादलेले. दिवसाची मजल सहा-सात मैल. गलबतावर निदान शिडाला वारा असतो. इथे बैलाची चाल आणि माणसाची तंगडी. मोगलांच्या फौजा याच बैलांवर जेवल्या, 1803 साली वऱ्हाडात अडगाव आणि गाविलगडाला लढलेला इंग्रज सेनापती वेलस्ली याच बंजाऱ्यांच्या धान्यावर अवलंबून होता. बंजाऱ्यांचं दुसरं नाव लमाण, ते लवणावरून, म्हणजे मिठावरून आलं असं मानतात. इथेच समुद्र दिग्रसला येऊन भेटतो. वऱ्हाडच्या भाकरीतलं मीठ गोणीत भरून घाटांवर चढलं, आणि बैल परतताना इथला कापूस घेऊन गेले, कधी मुंबईच्या वाटेने, कधी थेट गंगेकाठच्या मिर्झापूरला. पाचशे किलोमीटर दूरचं पाणी चिमटीत घेऊन स्वयंपाकघरात ठेवणारे ते लोक.

तांड्याला घर नव्हतं, पेटी नव्हती, पेढी नव्हती. जे मिळवलं ते अंगावर. बायकांच्या हातभर बांगड्या, चांदीची टोपली आणि घुगरी सगळ्यांच्या डोळ्यांत भरतात. पुरुषाची पुंजी कानात आणि कमरेच्या कंदोऱ्यात असे. खलाशाचं तेच. पेटीचं कुलूप फोडता येतं, जहाजासकट पेटी बुडते, झोपेत खिसा कापला जातो. कानातली बाळी काढायची तर माणूस जागा होतो. शिवाय सोनं कुठल्याही बंदरात आणि कुठल्याही बाजारात, भाषा येवो न येवो, चालतं. सुश्रुताच्या रक्षण-भूषणात मी हे तिसरं कारण घालतो, अडीनडीची सोय. खलाशाच्या मयताची सुंदर कथा मला याच साध्या कारणावर मागाहून चढलेला मुलामा वाटते.

तांड्यांत बंजाऱ्यांचे संत सेवालाल महाराज यांची एक कथा सांगतात. त्यांची समाधी आमच्या शेजारी, पोहरादेवीला. महाराज मुंबईला गेले असता समुद्रात एक जहाज अडकून पडलं होतं, काही केल्या हलेना. महाराजांनी ते काढून दिलं आणि जहाजवाल्यांनी त्यांना मोती दिले. तेव्हापासून ते 'मोतीवाळो'. इतिहास म्हणून मी ही कथा पुढे करत नाही. पण बैलांमागे चालणाऱ्या माणसांच्या देवकथेत एक जहाज येऊन रुतलं आहे आणि त्याच्या मोबदल्यात मोती मिळाला आहे, ही गोष्ट मला मोलाची वाटते.

मग आगगाडी आली. 1860 च्या दशकात मुंबईची रेल्वे वऱ्हाडातून सरकत 1867 ला नागपूरला पोचली. मीठ डब्यातून येऊ लागलं, कापूस डब्यातून जाऊ लागला. दोनशे वर्षं फौजा जगवणारे बैल एका पिढीत रिकामे झाले. वऱ्हाडच्या पोलीस खात्यातल्या कंबरलेज नावाच्या अधिकाऱ्याने त्याच सुमारास बंजाऱ्यांवर एक टिपण लिहिलं, 1882 ला ते पुन्हा छापलं गेलं. आजही अभ्यासक ते वापरतात, आणि त्यात माहिती खरोखर भरपूर आहे. पण एखाद्या समाजाची माहिती गोळा करायचं काम पोलिसाकडे जातं, यातच सगळं आलं. 1871 चा गुन्हेगार जमातींचा कायदा झाला आणि हिंडणाऱ्या माणसांचं हिंडणंच गुन्हा ठरलं. कान्होजीला दस्तक मागितल्याबद्दल चाचा म्हणणारी हीच सत्ता. समुद्रावर तिला परवाना देणारा नको होता, जमिनीवर तिला परवान्याशिवाय चालणारा नको होता.

दोन्ही शिक्के जवळपास एकाच वेळी पुसले गेले. 1951 साली मुंबईतल्या नौदलाच्या ठाण्याला आयएनएस आंग्रे हे नाव मिळालं. 31 ऑगस्ट 1952 ला गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला. त्यानंतर अकरा वर्षांनी, डिसेंबर 1963 मध्ये, पुसदजवळच्या गहुलीचे, बंजारा समाजातले वसंतराव नाईक महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. तरी महाराष्ट्राच्या यादीत बंजारा आजही 'विमुक्त जाती' म्हणूनच आहेत. सुटलेल्या माणसाला सुटल्याचं प्रमाणपत्र दरवेळी दाखवावं लागतं.

त्या म्हाताऱ्याची आणि माझी गाठ कार्यक्रम संपल्यावर चहाच्या टपरीवर पडली. मी विषय काढला.

"बावाजी, हे बाळी कवाची?"

"बापानं घातली. माह्या बापाले त्याच्या बापानं."

"कशापाई घालते?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की डोक्याला पागोटं कशापाई, असंच मी विचारलं असावं. "अंगावर सोनं असलं पाह्यजे ना बापा. माणूस कुठी जाईन, कुठी नाही."

"आन् दुसरी?"

"ते गेली." बशीत चहा ओतत तो म्हणाला. "बोंडअळीच्या साली."

म्हणजे 2017. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीने यवतमाळ जिल्ह्यातला कापूस बोंडातच खाल्ला. पुढच्या पेरणीला बियाणं घ्यायचं होतं, तो बाळी घेऊन सराफाकडे गेला. सराफाने मोडीचा भाव लावला, घट कापली. किती भरली, विचारलं तेव्हा त्याने दोन बोटं वर केली.

"दोन मासे."